सत्कारगीताची चाल

ठेक्यावर वाजवलेल्या टाळ्यांची मला किळस येते. गाणं संपल्यावरच्या टाळ्यांबद्दल तक्रार नाही, आरतीच्या टाळ्यांना तर लहानपणापासून सरावलेली आहे. पण गाणारा गात असताना पुढच्या रांगेतला एखादा गृहस्थ हात वर करून वाजवायला लागतो, मागे वळून बाकीच्यांना खुणावतो आणि सगळं सभागृह मेंढरांसारखं त्याच्या मागे निघतं, तेव्हा मी उठून बाहेर जाते. मुलगा म्हणतो, "आई, लोक एन्जॉय करतायत, यू आर सो वियर्ड." असेन. त्याला मराठी वाचता येत नाही, तरी लिहून ठेवते आहे. नववीत शाळा सोडलेल्या बाईचं लिहिणं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ कुणीतरी बघून घ्यावं.

आम्ही अमेरिकेत शॉमबर्गला आलो तेव्हा मी सतरा वर्षांची होते. आई गेली त्या वर्षी इचलकरंजीतली शाळा सुटली ती सुटलीच. बाबा लग्नाकार्यात आचारी म्हणून जायचे. कुणाच्या तरी ओळखीने त्यांना इथल्या देवळाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं आणि त्यांच्या कागदांना चिकटून मीही आले. मला काम करायची परवानगी नव्हती. शाळेत पुन्हा जायची छाती नव्हती. रस्त्यावर एकटीने जायची भीती वाटायची, कारण इथल्या रस्त्यावर माणूसच नसतं, नुसत्या गाड्या. दामलेकाकांनी आम्हाला जागा शोधून दिली. काका देवळाचे विश्वस्त, मोठ्या कंपनीत इंजिनियर. विमानतळावर घ्यायला तेच आले, बाबांच्या अंगावर स्वतःचा जाड कोट त्यांनीच घातला, माझी दाढ ठणकायला लागली तेव्हा शुभाकाकू सुट्टी टाकून मला डेंटिस्टकडे घेऊन गेल्या. हे सगळं आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणेल, ही बाई खाल्ल्या घरचे वासे मोजते. मोजते आहे खरी. पण खाल्लं होतं हेही खरं, आणि ते मी विसरलेली नाही.

जागा म्हणजे नोरीनबाईंच्या घराचा वरचा मजला. दोन खोल्या, उतरतं छप्पर, आणि स्वयंपाकघर खाली, दोघींचं मिळून एक. नोरीनबाई सत्तरीच्या, विधवा, आयुष्यभर शाळेची बस चालवलेल्या. त्यांचे आईवडील आयर्लंडहून बोटीने आलेले. त्या कोबी आणि खारवलेलं डुकराचं मांस एकाच भांड्यात घालून दोन-दोन तास उकळत ठेवायच्या. तो वास जिन्यातून वर यायचा, उशीत शिरायचा, सकाळी केसांना यायचा. पहिले पंधरा दिवस मी नाकाला ओढणी लावून फिरले. मी फोडणीत हिंग टाकला की त्या उठायच्या आणि बाहेर बर्फ असला तरी खिडकी उघडायच्या. म्हणजे हिशेब सारखा होता. तह झाला तो बटाट्यावर. त्यांच्याकडे पोत्याने बटाटे असायचे. मी एकदा मोहरी-मिरचीची सुकी भाजी केली, त्यांनी ती पावावर लोण्याबरोबर पसरून खाल्ली, बशी पुसून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सोलायची सुरी माझ्यापुढे सरकवली. मग रोज दुपारी टेबलाच्या दोन बाजूंना बसून आम्ही बटाटे सोलायचो. माझं इंग्रजी 'येस' आणि 'थँक्यू'च्या पुढे जात नव्हतं. तेव्हा त्या गुणगुणायच्या आणि मी ऐकायचे.

त्यात एक चाल होती. चाल तशी चपळ, खाली-वर हिंदकळणारी. कुणी म्हणेल नाचाचीच. मला वाटलंही तसंच, म्हणून एकदा मी मान डोलावली, तर नोरीनबाई थांबल्या. हातवारे करून, कागदावर होडी काढून त्यांनी मला समजावलं. त्यांच्या आईचा थोरला भाऊ समुद्रावर गेला, होडी आली नाही, प्रेतही आलं नाही. प्रेत नाही म्हणून पुरायला काही नाही, म्हणून रडायला जागा नाही. आई ते गाणं फक्त हाताला काम असताना म्हणायची, बटाटे सोलताना, कपडे पिळताना. कामाचा जो वेग तोच गाण्याचा, म्हणून ते चपळ. गाण्यातली बहीण लाटेला विनवते की दुसरं काही नको, त्याचा एक बूट तरी परत दे. उभं राहून ते म्हणायचं नाही, आणि त्यावर टाळी वाजवायची नाही. हे शेवटचं त्यांनी माझे दोन्ही हात धरून, ते एकमेकांपासून लांब नेऊन सांगितलं. शब्द त्यांच्या आईच्या जुन्या भाषेतले, त्यांनाही अर्धेच कळणारे. मी ते कानाने पाठ केले. बाबांना नाही का संस्कृत यायचं, अर्थ विचारला तर रागावायचे, तसंच. मला माझ्या आईसाठी रडता आलं नव्हतं, घरात बायकाच नव्हत्या कुणाच्या गळ्यात पडायला. त्या टेबलाशी मी परक्या भाषेत पोटभर रडून घेतलं, बटाट्याच्या सालीवर.

दर रविवारी देवळातला प्रसाद झाला की काका मला त्यांच्या घरी घेऊन जायचे. देवळात एकदा मी भजन म्हटलं ते त्यांनी ऐकलं होतं आणि या पोरीच्या गळ्याचं सोनं करायचं असं ठरवलं होतं. त्यांच्या तळघरात पियानो होता. तिथल्या ओलसर गालिच्याचा वास, टीव्हीसमोरच्या बशीतल्या बाकरवडीचा वास आणि काकांच्या आफ्टरशेव्हचा वास, हे तिन्ही मिळून जे काही होतं ते आजही कुठल्याशा घरात शिरताना नाकाला लागतं आणि मी दारातच थबकते. काकांचं दैवत एक जर्मन संगीतकार. मी त्याला मनात जर्मन बुवा म्हणायचे. त्या बुवांनी कितीतरी आयरिश गाणी पियानो, व्हायोलिन आणि चेलोच्या साथीत बसवली होती आणि त्याची जाडजूड पुस्तकं काकांकडे होती. काका पियानोवर, त्यांची पंधरा वर्षांची केतकी व्हायोलिनवर, चेलोला कुणी नव्हतं म्हणून तो भाग काका डाव्या हाताने उरकायचे, आणि गायला मी. इंग्रजी शब्द काकांनी मला देवनागरीत लिहून दिले होते.

एक गोष्ट काका पुन्हा पुन्हा सांगायचे. बुवा व्हिएन्नात, कानाने अधू होत चाललेले. प्रकाशक स्कॉटलंडात. तो नुसत्या चाली टपालाने पाठवायचा, शब्दांशिवाय. बुवा पत्रातून विनवायचे की बाबा रे, शब्द पाठव, गाणं सुखाचं की दुःखाचं ते तरी कळू दे. शब्द यायचे नाहीत. मग बुवा नुसत्या सुरांवरून साथ रचायचे आणि प्रकाशक मागाहून कुठल्यातरी कवीकडून त्यावर शब्द बसवून घ्यायचा. यातून मला काय कळायला हवं होतं ते आज कळतं. काका त्यातून काढायचे ते वेगळंच. "म्हणजे बघ, शब्दांवाचून काही अडलं का? चाल ही चाल असते. आपल्याकडे नाटकवाल्यांनी दुसरं काय केलं? कुठली कुठली चाल उचलली आणि वर पद घातलं." हे बोलताना त्यांचा चेहरा इतका आनंदी व्हायचा की मीही मान हलवायचे.

आता माझी चूक. एका रविवारी काकांनी पुस्तकातलं पुढचं पान काढलं आणि चाल वाजवली, आणि ती नोरीनबाईंची निघाली. मधे एक-दोन सूर निराळे, पण तीच. बुवांनी खाली साथ दिली होती ती टणाटण उड्या मारणारी, आणि वर शब्द होते कुण्या कवीचे, दारूच्या पेल्याबद्दल. मी गप्प बसले असते तर हे पान उलटून गेलं असतं. पण काकांचं इतकं खाल्लेलं, कोट, दाढ, जागा, आणि माझ्याकडे द्यायला कधी काहीच नाही. तिथे माझ्याजवळ प्रथमच त्यांना हवंसं काहीतरी सापडलं होतं. मी म्हटलं, काका, ही चाल मला येते, जुन्या शब्दांसकट येते, आमच्या नोरीनबाईंच्या आईची आहे. आणि विचारलं नसताना म्हणून दाखवली. उभं राहून.

काका पियानोवरून उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात घामट होता. या विषयातले लोक म्हणे आयुष्यभर शोधतात ते माझ्या रूपाने त्यांच्या घरात चालत आलं होतं. तीन आठवड्यांनी देवळाच्या नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं. ज्यांच्या देणगीतून ते झालं त्या डॉक्टरांचा सत्कार व्हायचा होता. काकांना सत्कारगीत हवंच होतं. दुसऱ्या रविवारी त्यांनी नवे शब्द माझ्या हातात ठेवले:

दाते आले, दाते आले,
अंगण अवघे उजळून गेले.

चार कडवी होती. एकात डॉक्टरांच्या पत्नीचं नावही गुंफलं होतं. मला धीर नव्हता, तरी मी सांगितलं. हे मरणाचं गाणं आहे, प्रेतसुद्धा मिळालं नाही त्याचं. काकांनी मन लावून ऐकून घेतलं आणि बुवांच्या पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, "अगं, त्यांनासुद्धा कुठे ठाऊक होतं? त्यांनी नाही का नाचाची साथ दिली?" केतकीने व्हायोलिन मांडीवर ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, दॅट्स काइंड ऑफ ग्रॉस." काका हसले. नोरीनबाईंनाही बोलावू, मूळ गायिका म्हणून शाल-श्रीफळ देऊ, त्यांना किती बरं वाटेल. आणि मला गाडीतून घरी सोडताना सहज म्हणाले, बाबांच्या व्हिसाच्या पत्राचा मसुदा आलाय, एकदा हा कार्यक्रम पार पडला की सही करून टाकतो. धमकी वगैरे नव्हती. काका धमकी देणारे नव्हेत. ते खरंच कार्यक्रमात बुडालेले होते. पण मी ते घरापर्यंत चघळत नेलं.

बाबांना सांगितलं तेव्हा ते दुसऱ्या दिवशीसाठी तूरडाळ निवडत होते. इथे डाळीत खडा नसतो, तरी निवडायचे. ऐकून झाल्यावर म्हणाले, "म्हण तू. दोन मिनिटांचं काम आहे." मी म्हटलं, बाबा, त्या समोर बसलेल्या असतील. त्यांनी ताटातली डाळ बोटाने पुढे सारली. मग म्हणाले, "परत जाऊन मला कोण उभं करणार गं? वय झालं माझं." तो विषय तिथेच संपला. पुढचे दोन आठवडे मी नोरीनबाईंना एक शब्द सांगितला नाही. रोज दुपारी समोर बसून बटाटे सोलले. त्यांनी गाणं सुरू केलं की मी नळ सोडायचे.

उद्घाटनाला नोरीनबाई निळा कोट आणि मोत्यांची माळ घालून आल्या. पहिल्या रांगेत एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला शुभाकाकू. काकांनी इंग्रजीत भाषण केलं की तुमच्या मातृभूमीतली एक आनंदी चाल आम्ही आज मराठीत आणली आहे. त्या हसून मला हात करत होत्या. पियानो उड्या मारायला लागला. मी नव्वारीत, नाकात काकूंची नथ, उभी. 'दाते आले, दाते आले.' पहिल्या ओळीला नोरीनबाई हसतच होत्या. दुसरीला त्यांनी मान थोडी तिरकी केली, ओळखीचं माणूस भलत्याच जागी दिसावं तशी. तिसऱ्या ओळीला डॉक्टरांनी हात वर करून टाळी धरली, मागे वळून लोकांना खुणावलं, आणि तीनशे माणसं ठेका द्यायला लागली. नोरीनबाईंचे हात मांडीवर होते. शुभाकाकूंनी कौतुकाने त्यांचं मनगट हलवलं, वाजवा ना असं. आणि त्यांनी वाजवल्या. पाहुणी बाई, शेजारी यजमान, काय करणार. वाजवत राहिल्या, शेवटपर्यंत, माझ्याकडे बघत.

मला वाटलं होतं की याहून घाण काही होणार नाही. पण वन्स मोअर आला. पहिल्यांदा मी भीतीने गायले होते, ते एक वेळ मी स्वतःला माफ केलं आहे. दुसऱ्यांदा भीती गेली होती. आवाज मोकळा झाला, मी शेवटच्या कडव्यात एक हरकत घेतली, लोकांनी ती उचलून धरली, आणि मला आवडलं. तीनशे माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मला ते आवडलं. सगळ्यांत जास्त किळस मला त्या हरकतीची येते. काकांच्या शब्दांत तिला जागा नव्हती. ती मी होऊन घातली.

मग श्रीखंड-पुरी. कागदी ताटल्या तुपाने वाकलेल्या, श्रीखंडाच्या पिवळ्या गोळ्यात लोणच्याचं तेल मिसळलेलं. एक बाई खाता खाता माझ्या गालाला हात लावून म्हणाली, अगदी आयरिश वाटलं हो. तिच्या बोटाचं श्रीखंड माझ्या गालाला लागलं. कोपऱ्यात नोरीनबाई शाल पांघरून, नारळ दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या.

काकांनी आम्हा दोघींना घरी सोडलं. बाबा देवळातच होते, भांडी व्हायची होती. नोरीनबाईंनी नारळ टेबलावर ठेवला, कोट न काढताच बसल्या आणि हळूहळू, मला कळावं म्हणून एकेक शब्द सुटा करत विचारलं, "मी कशासाठी टाळ्या वाजवल्या, ते सांग." मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. डॉक्टर. गुड मॅन. वेलकम साँग. त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "त्यांनी तुझ्याकडे मागितलं, की तू दिलंस?"

प्रश्न इतका सोपा होता की कळला नाही असं म्हणायची सोय नव्हती. मी म्हटलं, "दे आस्क." त्यांनी मागितलं.

त्यांनी हात पुढे करून माझ्या गालाचं श्रीखंड रुमालाने पुसलं आणि म्हणाल्या की मग ठीक आहे, तुझ्या जागी असलेल्या पोरीला मागितलं ते द्यावंच लागतं, माझी आई लोकांच्या घरी कामाला होती, मला माहीत आहे. माझ्या खोट्यावर त्यांनी मला माफ केलं, आणि त्यांच्या आईला माझ्या शेजारी आणून बसवलं. मी वर जाऊन मोरीत ओकले.

काकांनी मंगळवारी सही केली. पत्र चांगलं होतं, बाबांची स्तुती होती त्यात, पुढचे सगळे कागद त्याच्याच जोरावर झाले. नोरीनबाई पुढे चार वर्षं आमच्याशी तशाच वागल्या, माझ्या लग्नात त्यांनी स्वतः विणलेलं टेबलक्लॉथ दिलं, आणि त्या चार वर्षांत माझ्यासमोर त्यांनी ते गाणं एकदाही म्हटलं नाही. मी एकदा विचारलं, शिकवाल का पुन्हा, मी विसरत चालले आहे. म्हणाल्या, मीही. मग त्या मुलीकडे ॲरिझोनात गेल्या आणि तिकडेच वारल्या. काका अजून आहेत. दिवाळीला मी फराळ घेऊन जाते, वाकून नमस्कार करते. त्यांना ऐकू येत नाही आता, पण मला बघितलं की बोटांनी टेबलावर तो ठेका धरतात आणि हसतात. मीही हसते. नंतर गाडीत बसून काच खाली करते.

मागच्या हिवाळ्यात बाबा गेले. दवाखान्यातच गेले, इथल्या रीतीप्रमाणे नीटनेटके, सूट घातलेल्या माणसाने सगळं केलं. चार दिवसांनी घर रिकामं झालं. मुलगा ऑफिसला गेला, आणि दुपारी मी बाबांचं मोठं पातेलं घासायला काढलं. डाळ लागली होती तळाला. हाताला काम होतं आणि कुणी बघत नव्हतं. मी चाल सुरू केली. सूर सगळे होते, जिथल्या तिथे. तोंड उघडलं तर 'दाते आले' आलं. पुन्हा मागून सुरुवात केली, एक तरी जुना शब्द मिळेल, बुटाचा, लाटेचा, कसाही. 'दाते आले, दाते आले, अंगण अवघे.' मग ओठ घट्ट मिटले आणि नुसतं गुणगुणून पाहिलं. जीभ आतल्या आत दातांमागे जाऊन 'दा' लावत होती. मी नळ बंद केला. पातेल्याचा अर्धा तळ निघाला होता, अर्धा तसाच होता. ते तसंच ओट्यावर पालथं घातलं.